प्रस्तावना : हल्ल्यानंतरची वर्षे

बगदादच्या आग्नेयेला सतरा-अठरा किलोमीटरवर तुवैथा आहे. इराकचे अणुसंशोधन केंद्र इथे होते. ७ जून १९८१ च्या रविवारी संध्याकाळी इस्रायलची आठ एफ-१६ विमाने जॉर्डन आणि सौदी अरेबियाच्या हद्दीतून, जमिनीलगत उडत तिथे पोचली. सोबत सहा एफ-१५ विमाने संरक्षणाला होती. प्रत्येक एफ-१६ कडे सुमारे नऊशे किलोचे दोन बॉम्ब होते. फ्रान्सने पुरवलेली अणुभट्टी दीड मिनिटाच्या आत उद्ध्वस्त झाली. ती अजून सुरू झालेली नव्हती, त्यामुळे किरणोत्सर्ग पसरला नाही. दहा इराकी सैनिक आणि एक फ्रेंच तंत्रज्ञ मारले गेले. इस्रायलची सगळी विमाने सुखरूप परतली. त्या वैमानिकांतला सर्वांत तरुण, इलान रामोन, पुढे अंतराळवीर झाला आणि २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यानाच्या अपघातात कल्पना चावलांबरोबर मृत्यू पावला.

शत्रुराष्ट्रावर हवाई हल्ला करावा की नाही, असा वाद जगात कुठेही निघाला की तुवैथाचा दाखला हमखास दिला जातो. दाखला देणारे बहुधा विमाने परतली त्या क्षणी थांबतात. आमच्या पुस्तकाला त्यानंतरच्या वर्षांत रस आहे.

हल्ल्यानंतर बाराव्या दिवशी सुरक्षा परिषदेने ४८७ क्रमांकाच्या ठरावाने इस्रायलचा एकमताने निषेध केला. अमेरिकेनेही त्या बाजूने हात वर केला. इराकमध्ये मात्र खरी हालचाल सप्टेंबरात झाली. जाफर धिया जाफर हे भौतिकशास्त्रज्ञ सद्दाम हुसेनच्या कैदेत होते. त्यांची सुटका झाली आणि गुप्त युरेनियम समृद्धीकरणाचा कार्यक्रम त्यांच्याकडे सोपवण्यात आला. या कार्यक्रमात परदेशी भट्टी नव्हती, फ्रेंच तंत्रज्ञ नव्हते, करारमदार नव्हते. इराकी शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वापरलेली विद्युतचुंबकीय पद्धत निवडली. ती इतकी संथ, इतकी वीजखाऊ आणि कालबाह्य मानली जात होती की कोणी ती वापरील अशी शंकाही कुणाला आली नाही. पुढची दहा वर्षे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तुवैथाला येत होते, दाखवले ते तपासत होते आणि सगळे यथास्थित असल्याची नोंद करून परतत होते. १९९१ च्या आखाती युद्धात बहुराष्ट्रीय फौजांनी इराकवर सहा आठवडे बॉम्ब टाकले. तरीही त्यांच्या यादीबाहेरची कितीतरी ठिकाणे युद्ध संपल्यावर निरीक्षकांच्या हाती लागली. त्या जूनमध्ये फलुजाजवळ एका लष्करी तळातून मागच्या दाराने ट्रक बाहेर पडू लागले. त्यांवर त्याच जुन्या यंत्रांचे प्रचंड भाग लादलेले होते. निरीक्षक फोटो काढू लागले, तेव्हा इराकी सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या. हे फोटो जगभर गेले आणि दहा वर्षांचे गुपित उघडे पडले.

१९८१ चा हल्ला नसता तर इराकने बॉम्ब लवकर बनवला असता की उशिरा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. इस्रायलमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये अनेक जण म्हणतात की त्या दीड मिनिटाने कुवेतवरील आक्रमणाच्या वेळी सद्दामच्या हाती अण्वस्त्र नसेल याची सोय केली. नॉर्वेच्या मालफ्रिड ब्राउट-हेगहॅमर यांच्यासारख्या संशोधकांनी इराकी कागदपत्रे आणि मुलाखतींच्या आधारे उलटी बाजू मांडली. त्यांच्या मते भट्टीभोवतीचा कार्यक्रम तोवर विस्कळीत आणि दिशाहीन होता, आणि हल्ल्यामुळे त्याला निश्चित उद्दिष्ट, पैसा व गुप्तता तिन्ही मिळाले. मला दुसरी मांडणी अधिक पटते. पण या वादात न पडताही एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य करावी लागते. १९८१ पूर्वी इराकमध्ये काय चालले आहे हे जगाला बरेचसे दिसत होते, आणि १९८१ नंतर ते दिसेनासे झाले.

या संग्रहातले सगळे लेख या एका निरीक्षणाभोवती फिरतात. हल्ल्याने वेळ मिळतो, कधी काही महिने, कधी काही वर्षे. हल्लेखोराला त्या वेळेची किंमत माहितीत मोजावी लागते. जे समोर होते ते जमिनीखाली जाते, जे मोजले जात होते ते मोजता येत नाही, आणि पुढचे निर्णय अंदाजावर घेतले जातात. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर चार दिवस बॉम्बफेक केली. त्याआधी निरीक्षक देशाबाहेर पडले, ते जवळजवळ चार वर्षे परतू शकले नाहीत. त्या रिकाम्या जागेत संशय भरत गेला. २००३ मध्ये त्याच संशयावरून इराकवर चढाई झाली आणि सर्वसंहारक अस्त्रे सापडलीच नाहीत. साप साप म्हणून भुई धोपटली गेली, पण त्या भुईवर माणसे राहत होती.

त्याच चढाईत तुवैथाचा पहारा सुटला. तिथे अणुऊर्जा संस्थेच्या मोहरेखाली पिवळट युरेनियम भुकटीची पिंपे ठेवलेली होती. एप्रिल २००३ मध्ये आसपासच्या गावांतल्या लोकांनी ती पळवली, आतली भुकटी ओतून टाकली आणि पिंपांत घरचे पाणी साठवले. युद्धात नळ बंद पडले होते आणि चांगले पिंप कोण टाकून देतो? उरलेली सुमारे ५५० टन भुकटी २००८ मध्ये कॅनडाला नेण्यात आली. बॉम्बफेकीच्या यशापयशावरच्या पुस्तकांत या पिंपांचा उल्लेख क्वचितच असतो. आमच्या मते तो पहिल्या पानांवर असायला हवा.

मोहर म्हणजे काय, तेही सांगायला हवे, कारण पुढे ती वारंवार येईल. निरीक्षक एखादे पिंप किंवा कपाट तारेने बांधतो आणि तारेच्या टोकाला नाण्याएवढी धातूची दोन झाकणे एकमेकांत बसवतो. झाकणाच्या आतल्या बाजूला ओरखडे असतात आणि प्रत्येक मोहरेवरचे ओरखडे वेगळे असतात. लावण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवतात. पुढच्या भेटीत निरीक्षक ती मोहर काढून संस्थेच्या व्हिएन्नातील मुख्यालयात नेतो आणि फोटोशी ताडून पाहतो. काही रुपयांचा पत्रा आणि एक तार. अण्वस्त्र प्रसारबंदीची व्यवस्था बऱ्याच अंशी अशा वस्तूंवर उभी आहे आणि कोणत्याही स्फोटात सर्वांत आधी त्यांचाच बळी जातो.

हवाई हल्ल्यांच्या परिणामांचा अभ्यास कसा वाढला, त्याकडे आता वळतो. १९२१ मध्ये जुलिओ दुए या इटालियन अधिकाऱ्याने हवाई सत्तेवर एक ग्रंथ लिहिला. शहरांवर बॉम्ब पडले की जनता खचेल आणि सरकारला गुडघे टेकावे लागतील, असा त्याचा सिद्धांत होता. दुसऱ्या महायुद्धात लंडन खचले नाही, हॅम्बुर्गही खचले नाही. व्हिएतनाममध्ये १९६५ ते १९६८ या काळात चाललेल्या बॉम्बफेकीने हनोई वाकले नाही. या अनुभवातून दोन मोठे विचार पुढे आले. थॉमस शेलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की शत्रूचे सामर्थ्य हिसकावून घेणे आणि पुढच्या इजेची धास्ती घालून त्याला वळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धास्ती चालण्यासाठी शत्रूला माघारीची वाट उघडी ठेवावी लागते. १९९६ मध्ये रॉबर्ट पेप यांनी विसाव्या शतकातल्या हवाई मोहिमांचा आढावा घेतला. लोकांना शिक्षा देणारी बॉम्बफेक जवळपास कधीच फळत नाही आणि शत्रूची लष्करी योजना निकामी करणारी कधी कधी फळते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अण्वस्त्रांच्या प्रश्नाने या वादाला वेगळे वळण दिले. तुवैथानंतर इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी जाहीर केले की इस्रायलच्या विनाशाची साधने कोणत्याही शत्रूला बनवू दिली जाणार नाहीत. या भूमिकेला बेगिन सिद्धांत म्हणतात आणि हल्ल्याच्या समर्थकांचा एक पंथ तिच्यावर उभा आहे. २०१२ मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’ या नियतकालिकात हा वाद एका वर्षात तिन्ही अंगांनी झडला. मॅथ्यू क्रोनिग यांनी इराणवर हल्ल्याची वेळ आली आहे असे लिहिले, कॉलिन काल यांनी ती आलेली नाही असे उत्तर दिले, आणि केनेथ वॉल्ट्झ यांनी तर इराणकडे बॉम्ब आल्यास पश्चिम आशियात तोल येईल असे म्हटले. वॉल्ट्झ यांची मांडणी तर्काला धरून असली तरी तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या टांगत्या तलवारीखाली जगायला सांगते, म्हणून मला ती स्वीकारता येत नाही.

कायद्याचा प्रवाह त्याहून जुना आहे. १८३७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश सैनिकांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील ‘कॅरोलाइन’ ही आगबोट पेटवून नायगाराच्या प्रवाहात सोडली. त्यावरच्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी कसोटी घातली की संकट अगदी दारात असले आणि विचाराला क्षणाचाही अवधी नसला, तरच आधी वार करण्याला स्वसंरक्षण म्हणता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ५१ वे कलम याहूनही कडक आहे, ते सशस्त्र हल्ला झाल्याची अट घालते. पाच-दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या धोक्यावर आज बॉम्ब टाकणे या दोन्हींत बसत नाही. शक्तिशाली देश तरीही ते करतात आणि प्रत्येक वेळी कलमाची भिंत थोडी झिजते. तिच्या आडोशाला असलेल्या लहान देशांना ती झीज मोठ्यांच्या आधी जाणवते.

लिबियाचे प्रकरण मात्र वेगळेच आहे आणि परिणाम किती लांबवर जातात ते त्यातून कळते. एप्रिल १९८६ मध्ये पश्चिम बर्लिनच्या एका डिस्कोत बॉम्बस्फोट झाला. दहा दिवसांनी, त्याचा ठपका लिबियावर ठेवून, अमेरिकेने त्रिपोली आणि बेनगाझीवर हल्ले केले. फ्रान्स आणि स्पेनने आकाश वापरू न दिल्याने ब्रिटनहून निघालेल्या विमानांना समुद्रावरून मोठा वळसा घालावा लागला. लिबियाचा शासक गद्दाफी नमला असे तेव्हा सांगितले गेले. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधील लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान लिबियाच्या हस्तकाने घडवलेल्या स्फोटाने कोसळले आणि २७० माणसे गेली. २००३ मध्ये वाटाघाटींनंतर लिबियाने अण्वस्त्र कार्यक्रम सोडला. २०११ मध्ये नाटोच्या विमानांच्या छत्राखाली गद्दाफीची राजवट उलथली आणि तो मारला गेला. प्योंगयांगने यातून घेतलेला धडा उत्तर कोरियाच्या नेत्यांनी अनेकदा बोलून दाखवला आहे. अस्त्र सोडणाऱ्याचे काय होते ते त्यांनी लिबियात पाहिले.

सीरियाबाबत मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे बोलायला कोणीच तयार नव्हते. ६ सप्टेंबर २००७ ला इस्रायलने देर अझ-झोर भागातली, अणुभट्टी असल्याचा संशय असलेली एक इमारत पाडली. दमास्कसने जागा सपाट करून टाकली, इस्रायलने २०१८ पर्यंत कबुली दिली नाही, आणि या दुहेरी मौनामुळेच प्रत्युत्तराची सक्ती कुणावर आली नाही. हल्ल्याचा गाजावाजा जितका कमी, तितका भडका कमी, हे इथे दिसले. जून २०२५ मध्ये नेमके याच्या उलट घडले.

१३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला चढवला. वरिष्ठ सेनाधिकारी आणि अणुशास्त्रज्ञ घरांत मारले गेले. २२ जूनला अमेरिकेच्या सात बी-२ विमानांनी फोर्दो आणि नतान्झ या समृद्धीकरण केंद्रांवर चौदा महाबॉम्ब टाकले. त्यांतल्या प्रत्येकाचे वजन तेरा टनांहून जास्त होते. कोम शहराजवळचे फोर्दो डोंगराच्या पोटात आहे आणि ते तिथे असण्याला तुवैथाचा इतिहास कारण आहे. भट्टी उघड्यावर असली की काय होते, ते इराणने शेजारी पाहिले होते. खुद्द इराणच्या विमानांनीही १९८० मध्ये तुवैथावर बॉम्ब टाकले होते. बारा दिवसांनी युद्धविराम झाला. इराणी अधिकाऱ्यांच्या आकड्यांनुसार इराणमध्ये हजाराहून अधिक माणसे मेली. इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांनी तिसाच्या आसपास बळी घेतले. तेहरानच्या एविन तुरुंगावरच्या हल्ल्यात सत्तरहून अधिक जण गेले, आणि त्यांत कैद्यांना भेटायला आलेले नातेवाईकही होते.

हल्ल्याआधी अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या टाक्यांएवढ्या नळकांड्यांत हा सगळा साठा मावतो. युद्धानंतर इराणने संस्थेशी सहकार्य थांबवणारा कायदा केला. निरीक्षक बाहेर पडले आणि साठ्याच्या नोंदींची सलगता तुटली. कुठे किती साठा आहे, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात कागदावर होते; ढिगाऱ्याखाली किती, बोगद्यांत किती, हलवला किती, याचे उत्तर जुलैत नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने जुने निर्बंध परत आणण्याची प्रक्रिया सुरू केली आणि सप्टेंबरअखेर ते लागू झाले. २०१५ च्या अणुकराराने बसवलेली तपासणीची घडी अमेरिका २०१८ मध्ये बाहेर पडल्यापासून विस्कटत होती. ती २०२५ मध्ये पुरती मोडली.

प्रादेशिक परिणामांत आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते अफगाणांच्या हकालपट्टीने. इराणमध्ये लाखो अफगाण निर्वासित राहतात आणि बांधकामांपासून शेतीपर्यंत अंगमेहनतीची कामे करतात. त्यांना परत धाडण्याची मोहीम आधीच सुरू होती. युद्धानंतर त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला जाऊ लागला आणि मोहिमेला धार चढली. २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसे परत गेली. हेरातजवळच्या इस्लाम कला नाक्यावर काही दिवस रोज हजारोंची रांग होती. त्यांत इराणमध्ये जन्मलेली, अफगाणिस्तान कधीच न पाहिलेली मुले होती, आणि ज्या देशात आपल्याला सहावीनंतर शिकता येणार नाही तिथे निघालेल्या मुली होत्या. त्यांचा या युद्धाशी कसलाही संबंध नव्हता.

आखाती राज्यांचे वागणेही बदलले. दहा वर्षे आधी ज्या राजधान्या इराणवरच्या हल्ल्याने मनोमन सुखावल्या असत्या, त्यांनी या वेळी निषेध केला. सौदी अरेबियाने इराणचा उल्लेख बंधुराष्ट्र असा केला. २३ जूनला इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली. आगाऊ सूचना मिळालेली होती, बहुतेक क्षेपणास्त्रे वाटेतच पाडली गेली, आणि त्या दिवशी तेलाचा भाव सुमारे सात टक्क्यांनी उतरला. भडका आणखी वाढणार नाही, हे बाजाराने ओळखले होते. हल्ल्याच्या पहिल्या दिवशी हाच भाव साधारण तेवढाच चढला होता. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२४ मध्ये रोज सुमारे दोन कोटी पिंप तेल जात होते, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. ती बंद न होताही जहाजांचा युद्धजोखीम विमा महागतो आणि तो खर्च शेवटी डिझेलमध्ये, खतात आणि गॅसच्या सिलिंडरमध्ये उतरतो.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. भारताला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो आणि त्यातला बहुतेक होर्मुझच्याच वाटेने येत आला आहे. येमेनमधल्या हुती बंडखोरांच्या तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षे युरोपला आफ्रिकेला वळसा घालून गेली. अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बॉम्ब टाकूनही जहाजे जुन्या मार्गाला परतली नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये दमास्कसमधील इराणी वकिलातीच्या इमारतीवर हल्ला झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत इराणने होर्मुझजवळ न्हावा शेवाकडे निघालेले ‘एमएससी एरीज’ हे जहाज पकडले. त्यावरच्या पंचवीस खलाशांपैकी सतरा भारतीय होते. १९८८ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने पाडलेल्या इराणी प्रवासी विमानातल्या २९० मृतांतही दहा भारतीय होते. सुक्याबरोबर ओले जळते ते असे, आणि त्याची दखल घ्यायला दिल्लीपासून मुंबईपर्यंत कुणाला फारसा वेळ नसतो.

याच १९८८ च्या शेवटच्या दिवशी भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. तुवैथानंतर पाकिस्तानच्या कहूटा अणुकेंद्रावर असाच हल्ला होईल, अशी चर्चा त्या दशकात सतत होती, आणि करारामागे ती भीती होती. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही ती दिली गेली. तारापूर आणि ट्रॉम्बे आपल्या किनाऱ्यावर आहेत. मुंबईच्या इतक्या जवळ अणुभट्ट्या असताना या साध्या कागदाचे मोल मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे. म्हणून पुस्तकातला सर्वांत मोठा लेख त्यावर आहे, जरी विषय हल्ल्याचा असला आणि इथे हल्ला झालेला नसला तरी.

हे पुस्तक कोणत्या देशाची बाजू घ्यायला काढलेले नाही. इराणच्या राजवटीने स्वतःच्या नागरिकांवर केलेले अत्याचार, इस्रायलच्या जनतेची खरी भीती, अमेरिकेची धरसोड, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि लेखकांनी त्यांपैकी एकही झाकलेली नाही. आम्ही लेखकांना एकच अट घातली होती. ज्या हल्ल्याबद्दल लिहाल, त्यानंतर किमान पाच वर्षे काय झाले ते तपासा, आणि ज्यांनी ना बॉम्ब टाकले ना बनवले, अशा माणसांपर्यंत पोचा. जून २०२५ ला अर्थातच ही अट लावता येत नाही. त्या विभागातले लेख त्या वर्षाच्या अखेरीस थांबतात आणि तिथले निष्कर्ष वाचकाने कच्चे समजावेत. पुढे काय घडले ते त्याने स्वतः या लेखांशेजारी ठेवून पाहावे. शस्त्रांच्या तांत्रिक तपशिलाला आम्ही जाणीवपूर्वक कमी जागा दिली आहे, तो इतरत्र भरपूर मिळतो. निरीक्षकांच्या अहवालांना, विम्याच्या दरांना, निर्वासितांच्या नोंदींना आणि खलाशांच्या जबानीला जास्त जागा आहे. नव्या वाचकाने अनुक्रम पाळायची गरज नाही. इराकवरचा विभाग मात्र आधी वाचावा, कारण बाकीचे सगळे लेख त्याच्याशी वाद घालतात.